पत्त्यांचे चाळीस हजार आणि कार्डाचे दीड लाख

भांडुपहून आलेल्या एका पत्रात साडेतीन पाने पोकरची आहेत आणि शेवटी दोन ओळींचा ताजा कलम आहे. पत्रलेखक ३५ वर्षांचे, लोअर परळच्या एका खासगी कंपनीत नोकरीला; घरी पत्नी, पाच वर्षांची मुलगी आणि आई. जून २०२४ मध्ये त्यांनी एका भारतीय ॲपवर २६ हजार रुपये भरून ऑनलाइन पोकर सुरू केले, चौदा महिन्यांत त्याचे ४६ हजार केले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ॲपने पैशांचे खेळ बंद केले तेव्हा करकपात होऊन ४० हजार त्यांच्या हाती आले. ही रक्कम ‘बँकरोल’, म्हणजे खेळाचे भांडवल, म्हणून तशीच वेगळी ठेवावी, मित्राने सुचवलेल्या परदेशी संकेतस्थळावर यूएसडीटी या डॉलरशी बांधलेल्या आभासी चलनामार्फत ती भरून पाच-दहाच्या टेबलापासून हळूहळू वर चढावे आणि तीन वर्षांत पाच लाखांपर्यंत पोहोचावे, असा त्यांचा बेत आहे. एवढ्या रकमेत किती बाय-इन (एका वेळी टेबलावर घेऊन बसायची रक्कम) धरावेत आणि वरच्या टेबलावर कधी जावे, हे त्यांनी मला विचारले आहे. ताजा कलम असा: ‘जानेवारीत विम्याचा तिसरा हप्ता आहे. तो गेल्या वर्षीसारखा क्रेडिट कार्डावर टाकीन, म्हणजे पोकरच्या पैशाला हात लागणार नाही.’

विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. पाच-दहाच्या टेबलावर बिग ब्लाइंड, म्हणजे डाव सुरू होताना सक्तीने लावायची मोठी रक्कम, दहा रुपयांची असते; शंभर बिग ब्लाइंडचा बाय-इन म्हणजे एक हजार रुपये, म्हणून तुमच्याकडे ४० बाय-इन आहेत. कॅश गेमसाठी जाणकार खेळाडू २० ते ३० पुरेसे मानतात, स्पर्धांसाठी शंभराच्या आसपास ठेवतात, आणि रक्कम २० बाय-इनच्या खाली घसरली की मुकाट्याने खालच्या टेबलावर उतरतात. नियमाच्या दृष्टीने तुमची तयारी योग्य आहे. अडचण अशी की बसायला टेबलच उरलेले नाही.

ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची संमती आली. त्यात कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ असा भेद ठेवलेलाच नाही. पैसे लावून खेळला जाणारा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि तुमचा मित्र नेमक्या याच वाक्याचा आधार घेत असणार. परंतु लॉटरी, स्वीपस्टेक यांसारख्या गोष्टींसाठी देशाबाहेर पैसे पाठवण्यास परकीय चलनाच्या नियमांत फार पूर्वीपासून मनाई आहे, आणि यूएसडीटीची वाट त्याहून निसरडी आहे. अनोळखी माणसाला यूएसडीटी विकल्यावर तुमच्या खात्यात येणारे पैसे कोणाच्या फसवणुकीतून आलेले आहेत, हे तुम्हाला कळण्याचा मार्ग नसतो. दुसऱ्या राज्यातील सायबर पोलिसांचे पत्र बँकेत आले की खाते गोठते आणि त्याच खात्यात पगार जमा होत असेल, तर महिन्याचा किराणाही अडतो. शिवाय परदेशी संकेतस्थळाने तुमची शिल्लक दाबून ठेवली, तर तक्रार घेऊन जाण्यासाठी येथे कोणतेही कार्यालय नाही. तेव्हा तिकडे एक रुपयाही पाठवू नये.

आता पाच लाखांच्या स्वप्नाविषयी, कारण ते कायद्याने अडवले नसते तरी मी अडवले असते. तुम्ही ४० हजार हात, म्हणजे डाव, खेळून २० हजार रुपये जिंकलात, म्हणजे दर शंभर हातांमागे पाच बिग ब्लाइंड. रेक, म्हणजे ॲपचे कमिशन, वजा जाऊन हा दर चांगलाच म्हणावा लागेल. पण या खेळात शंभर हातांमागे ऐंशी-नव्वद बिग ब्लाइंडचा हेलकावा सर्वसाधारण समजला जातो. ४० हजार हातांवर तोच हेलकावा सुमारे १८ हजार रुपयांचा होतो. तुमची कमाई २० हजार आणि नशिबाची लाट १८ हजार, म्हणजे तुम्ही खरोखर चांगले खेळता की चौदा महिने पाने बरी पडली, हे एवढ्या नोंदींवरून मी सांगू शकत नाही आणि तुम्हीही सांगू शकत नाही. वेळेचा हिशेब केला, तर तासाला साधारण सत्तर हात धरून पावणेसहाशे तास झाले. तासाला ३५ रुपये, कर जाता २५. छंद म्हणून याला माझा काडीचा आक्षेप नाही. क्रिकेटच्या नेट्सवर लोक पैसे देऊन घाम गाळतात. मात्र या गतीने ४० हजारांचे पाच लाख तीन वर्षांत होत नाहीत.

तरीही तुम्ही जोडलेली नोंदवही पाहून मला आदर वाटला. तारीख, वेळ, हात, नफा-तोटा, आणि शेवटच्या रकान्यात मनःस्थिती. एका रात्रीपुढे ‘झोप आली होती, उगाच बसलो’ असे प्रामाणिकपणे लिहिलेले आहे. तीन बाय-इन गेले की ॲप बंद करायचे हा नियमही तुम्ही चौदा महिन्यांत एकदाच मोडला. अशीच वही घरखर्चाचीही असेल असे समजून मी ती मागवली, तेव्हा ती नसल्याचे कळले आणि आकडे तीन-चार संदेशांतून तुकड्यातुकड्यांनी आले.

ते आकडे असे आहेत. हातात येणारा पगार ६८ हजार, घरभाडे धरून खर्च ५५ हजार, उरतात १३ हजार. त्यांतून पाच हजारांची एसआयपी जाते, जिच्यात आज १ लाख १० हजार जमले आहेत. क्रेडिट कार्डाची थकबाकी १ लाख ४५ हजार, तिच्यावर तुम्ही दरमहा किमान देय रक्कम, म्हणजे सव्वासात हजार भरता. जानेवारी २०२४ मध्ये मुदत संपलेली ठेव पुन्हा ठेवण्यासाठी तुम्ही बँकेत गेलात, आणि तेथील अधिकाऱ्याने ‘ठेवीसारखेच, पण करमुक्त आणि मुलीच्या शिक्षणासाठी’ असे सांगून वर्षाला १ लाख २० हजार हप्त्याची विमा पॉलिसी गळ्यात मारली: दहा वर्षे हप्ते, विसाव्या वर्षाअखेर २८ लाख, विमा संरक्षण १२ लाख. पहिला हप्ता ठेवीतून गेला. दुसरा जानेवारी २०२५ मध्ये कार्डावर टाकला, त्याच्या पॉइंटांतून मिक्सर मिळाला, आणि ती रक्कम आजतागायत फिटलेली नाही.

कार्डावर दरमहा साडेतीन टक्के व्याज म्हणजे पाच हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी नऊशे. तुमच्या सव्वासात हजारांतून सहा हजार व्याज-करात जातात आणि मुद्दल जेमतेम सव्वा हजाराने घटते. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नसल्यामुळे दुधाच्या पिशवीवरही त्याच दिवसापासून व्याज लागते आणि थकबाकी पुन्हा होती तेथेच येते. अकरा महिन्यांचा हिशेब केला, तर तो मिक्सर तुम्हाला ६० हजारांच्या आसपास पडला आहे. पोकरच्या रोखीला हात लागू नये म्हणून तुम्ही यात आणखी सव्वा लाखाची भर घालायला निघाला आहात. ही ४० हजारांची रक्कम आज कार्डावर भरली, तर दरमहा १,६५० रुपये वाचतात. चौदा महिने रात्री जागून तुम्ही कर जाता महिन्याला हजार रुपये मिळवत होता.

आता त्या पॉलिसीकडे वळतो, कारण मूळ दुखणे तेथे आहे. बारा लाखांचे अठ्ठावीस लाख हे ऐकायला दुपटीहून अधिक वाटते, परंतु वीस वर्षांवर पसरल्यावर हा परतावा वर्षाला सुमारे साडेपाच टक्के ठरतो. पीपीएफमध्ये ७.१ टक्के मिळतात आणि तेही करमुक्त. त्याहून संतापजनक बाब अशी की पॉलिसी घेताना मुलगी तीन वर्षांची होती, म्हणजे ‘शिक्षणासाठी’ असलेले हे पैसे तिच्या तेविसाव्या वर्षी येतील. कॉलेजची फी अठराव्या वर्षी भरावी लागते, हे विकणाऱ्या अधिकाऱ्याला ठाऊक नव्हते असे मी मानत नाही. विमा म्हणून पाहिले, तर १२ लाखांत तुमचे घर दोन वर्षेही चालणार नाही. आणि ज्या माणसाकडे वर्षाला सारे मिळून दीड लाख उरतात, त्याने त्यांतील तीन चतुर्थांशाहून अधिक रक्कम दहा वर्षांसाठी एका करारात बांधून टाकली आहे. पत्त्यांच्या टेबलावर तुम्ही एका वेळी अडीच टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊन बसत नाही.

‘आतापर्यंत दोन लाख चाळीस हजार भरले, ते वाया कसे घालवू?’ असे तुम्ही एका संदेशात विचारले आहे. पॉटमध्ये, म्हणजे डावाच्या मधल्या ढिगात, गेलेले पैसे आपले नसतात, हे पोकर खेळणाऱ्याला मी शिकवण्याची गरज नाही. प्रश्न पुढच्या पैशांचाच आहे. उरलेले आठ हप्ते भरत राहिलात, तर त्या नव्या पैशांवर वर्षाला सहा टक्क्यांच्या आसपास सुटतात, आणि ते भरण्यासाठी तुम्ही ४२ टक्क्यांनी उसने घेत आहात. पॉलिसी जानेवारीत तिसरे वर्ष लागल्यावर मोडली, तर तिसऱ्या वर्षातील किमान हमीच्या नियमाने भरलेल्या हप्त्यांच्या ३५ टक्के, म्हणजे ८४ हजार हाती येतील. तिसरा मार्ग असा की हप्ते थांबवून, पण पॉलिसी न मोडता, ती पेड-अप करावी: दहापैकी दोन हप्ते भरले असल्याने लाभही ढोबळमानाने एक पंचमांश राहतो, म्हणजे अठरा वर्षांनी पाच-साडेपाच लाख. ८४ हजार सोडून देऊन अठरा वर्षांनी तेवढे मिळणार असतील, तर तो दर दहा टक्क्यांच्या घरात जातो. म्हणून एरवी अशा पॉलिसी मोडायला सांगणारा मी, येथे पेड-अपच्या बाजूने आहे.

मात्र क्रम चुकवू नका. पेड-अप केल्यावर विमा संरक्षणही १२ लाखांवरून दोन-अडीच लाखांवर येईल, तेव्हा आधी एक कोटीचा साधा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) घ्यावा. तुमच्या वयाला, प्रकृती ठीक असल्यास, त्याचा वर्षाचा हप्ता साधारण १२ ते १५ हजार येतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही राहिलेला नाही. (हेच कारण सांगून बँकेतला तोच अधिकारी तिसरा हप्ता आता स्वस्त झाल्याचे सुचवील, ऐकून घ्यावे आणि निघावे.) अर्जात तंबाखू, सिगारेट, रक्तदाब जे असेल ते खरे लिहावे. मुदत विम्याचा दस्तऐवज हाती येईपर्यंत जुन्या पॉलिसीविषयी कोणालाही काही कळवू नये; वार्षिक हप्त्याला देय तारखेनंतर तीस दिवसांची सवलत असते, तेवढ्यात हे काम होते.

कार्डाची थकबाकी याच आठवड्यात संपवावी. पोकरचे ४० हजार आणि एसआयपीतील १ लाख १० हजार मिळून दीड लाख होतात. मुदत विम्याचा पहिला हप्ता चालू महिन्याच्या शिलकेतून जाईल. फंड मोडणे तुम्हाला जिवावर येईल, थोडा निर्गमन आकार (एक्झिट लोड) आणि अलीकडच्या युनिटच्या नफ्यावर थोडा करही बसेल, परंतु बारा टक्क्यांच्या आशेवर पैसे ठेवून ४२ टक्के भरत राहण्याला शिस्त म्हणत नाहीत. त्यानंतर तुमचे १३ हजार पूर्ण मोकळे होतात. पहिले सहा महिने ते सगळे साध्या ठेवीत जमवावेत, कारण आज तुमच्या घरात आजारपणासाठी वेगळे काढलेले काहीच नाही आणि आईचे नाव फक्त कंपनीच्या मेडिक्लेमवर आहे, जो नोकरीबरोबर जातो. मग एसआयपी पुन्हा सुरू करावी.

विक्रीच्या वेळचे व्हॉट्सॲप संदेश असतील आणि त्यांत ‘ठेव’ हा शब्द असेल, तर विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा, नंतर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर, आणि तेथेही दाद न मिळाल्यास विमा लोकपालांकडे. दोन वर्षांनंतर फार आशा ठेवू नये, पण अर्जाला पैसे पडत नाहीत. पोकरच्या २० हजारांचे उत्पन्न, ज्या वर्षीचे जेवढे असेल तेवढे, कर कापला गेला असला तरी विवरणपत्रात दाखवावे; इतर खर्च वा तोटा त्यातून वजा करता येत नाही. खेळण्याची हौस असेलच, तर बिनपैशांच्या चिप्सवर भागवावी. वही तेथेही ठेवता येते.

पेड-अप आणि सरेंडर (पॉलिसी मोडल्यावर मिळणारी) या दोन्ही रकमा विमा कंपनीकडून लेखी मागवा, बँकेतल्या अधिकाऱ्याच्या तोंडी आकड्यावर विसंबू नका. काही पॉलिसींत पेड-अप केल्यावर हमीच्या वाढीव रकमा रद्द होतात, आणि कंपनीचा सरेंडरचा आकडा किमान हमीहून जास्तही असू शकतो. अठरा वर्षांनंतरचा पेड-अप आकडा तीन लाखांच्या खाली आला, तर ८४ हजार काढून पीपीएफमध्ये टाकणे बरे पडेल. तसे असेल, तर ते पत्र मला पाठवा.