वयाच्या ६६ व्या वर्षी स्वतःच्या गाडीने देश ओलांडायला निघावं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही ६६ वर्षांच्या आहात, पती ७० चे, दोघांनाही गाडी चालवता येते. देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गाडीने जायचं कित्येक वर्षांपासून मनात आहे, पण मुलं म्हणतात, "या वयात कशाला?" रोज ५०० किलोमीटर धरून १४ दिवसांचा आराखडाही तुम्ही केलाय.

जरूर निघा. आराखडा मात्र नव्याने करा आणि रोजचा टप्पा निम्म्यावर आणा.

आम्ही गेलो तेव्हा मी ६७ ची होते, हे ७१ चे. ३८ दिवसांत साधारण ७,२०० किलोमीटर झाले. त्यातले २९ दिवस गाडी चालवली, ९ दिवस गाडी जागची हलली नाही. म्हणजे चालवलेल्या दिवसाला २५० किलोमीटरसुद्धा पडले नाहीत. निघताना आमच्याही कागदावर ४५० लिहिलेले होते. ते २५० वर कसे आले ते सांगते, कारण बाकीची सगळी तयारी त्यामागून येते.

पाचवा दिवस होता. रस्त्याचं काम चालू होतं, त्यात दुपारचे दोन तास गेले. रात्रीच्या मुक्कामाचे पैसे आधीच भरलेले, म्हणून पोहोचायचंच असा हट्ट. सूर्य मावळला तसं मी म्हटलं, "अहो, इथेच कुठेतरी थांबू या." हे म्हणाले, "आता चाळीसच किलोमीटर राहिलेत." रस्ता अरुंद होता, मध्ये दुभाजक नव्हता, समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे थेट डोळ्यांत येत होते. एक मोठी गाडी गेली आणि तिच्यामागे एकदम काळोख झाला. त्या काळोखात कडेला एक ट्रक उभा होता, मागचे दिवे बंद. मला तो दिसला, यांना दिसला नाही. मी ओरडले, यांनी स्टिअरिंग वळवलं आणि ट्रकचा कोपरा माझ्या खिडकीपासून हातभर अंतरावरून मागे गेला.

पुढे मोकळी जागा बघून यांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. तापलेलं इंजिन टिक-टिक करत होतं तेवढाच काय तो आवाज. हात स्टिअरिंगवरच होते. मग यांनी किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "उद्यापासून चार वाजले की ही तुझ्याकडे."

आमच्या सगळ्या प्रवासाचा एकच नियम उरला तो हा. चार वाजता किल्ली माझ्या पर्समध्ये, चष्म्याच्या डबीखाली. मी चालवत असले तरी तोच नियम. किल्ली आत गेली की त्या दिवसाचा प्रवास संपला, मग पुढचं ठिकाण कितीही जवळ असो.

यात हलगर्जीपणापेक्षा डोळ्यांचा भाग मोठा होता, हे मला नंतर नेत्रतज्ज्ञांनी समजावलं. वय वाढतं तशी बुबुळातली बाहुली अंधारातही पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि आतलं भिंग पिवळसर, गढूळ होत जातं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. शिवाय प्रखर दिव्याने डोळे दिपले की सावरायला जास्त वेळ लागतो. ताशी ८० च्या वेगाला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. तीन सेकंद काही दिसलं नाही, तर ६६ मीटर तुम्ही न बघताच पार केलेले असतात. सुरुवातीचा मोतीबिंदू दिवसा जाणवतही नाही, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. डोळे तपासताना अक्षरांचा तक्ता आपण उजेडात वाचतो आणि "नजर छान आहे" असं ऐकून घरी येतो. म्हणून डॉक्टरांना मुद्दाम सांगा की लांब गाडी चालवायची आहे, रात्री दिव्यांचा त्रास होतो का तेही तपासा. चष्म्याचा नंबर बदलला तर नवा चष्मा निघायच्या निदान महिनाभर आधी वापरायला लागा.

चारची वेळ धरली की बाकीचं गणित सोपं होतं. सकाळी उजाडल्यावर निघायचं, दीड तासाने थांबायचं आणि चालवणारा बदलायचा. दुपारी दोन ते चारच्या सुमारास शरीराचं घड्याळच सगळ्यांना पेंगुळवतं, पोटात काही असो वा नसो. त्या वेळी काच उघडून वारा घेणं किंवा मोठ्याने गाणी लावणं यावर भरवसा ठेवू नका. सुरक्षित जागी गाडी लावून पंधरा-वीस मिनिटं झोप काढा. कॉफी घेणार असाल तर झोपायच्या आधी घ्या. तिचा परिणाम व्हायला अर्धा तास लागतो, तोवर डुलकी होते आणि दोन्हींचा फायदा मिळतो. सर्दीच्या, अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांपैकी बऱ्याच झोप आणतात. त्या घेतल्या असतील त्या दिवशी मागे बसा.

दीड तासाने थांबायचं ते पायांसाठीही. सलग चार तासांहून जास्त बसलं की पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि साठीनंतर तो आणखी. रक्त वर ढकलायचं काम पोटऱ्यांचे स्नायू करतात, त्यांना चालवलंच पाहिजे. आम्ही गाडीभोवती चार-पाच फेऱ्या मारायचो, मग दाराला धरून टाचा वर-खाली वीस वेळा. लोक बघायचे, बघू देत. दोन्ही घोटे संध्याकाळी थोडे सुजणं वेगळं आणि एकच पोटरी सुजून दुखणं, गरम लागणं वेगळं. दुसरं दिसलं तर तिथूनच दवाखाना गाठायचा. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर तातडीची मदत बोलवायची. रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने घेऊ नका, डॉक्टरांना विचारा.

आणि पाणी कमी पिऊ नका. हे मी कळवळून सांगते, कारण आपण बायका हे हमखास करतो. रस्त्यात स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने मी पहिले तीन दिवस दोन घोटांवर काढले. चौथ्या दिवशी डोकं जड, पायांत गोळे, उभं राहिलं की गरगरायचं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर हे आणखी लवकर होतं. ती गोळी परस्पर बंद करू नका, तिची वेळ बदलता येईल का ते निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून ठरवा. मग मी रोज रात्री दुसऱ्या दिवशीच्या थांब्याच्या जागा नकाशावर बघून लिहून ठेवायला लागले आणि धास्ती गेली.

औषधं दोन भागांत ठेवा, अर्धी एका बॅगेत, अर्धी दुसऱ्या. चिठ्ठीवर गोळीच्या कंपनीच्या नावाबरोबर मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून घ्या, दुसऱ्या गावात तीच कंपनी मिळेल असं नाही. बंद गाडी उन्हात उभी असली की दहा मिनिटांत आतलं तापमान दहा अंशांच्या आसपास चढतं, त्यामुळे गाडी लावून उतरताना औषधांची पिशवी खांद्याला हवी. इन्सुलिन घेत असाल तर ते बर्फाला चिकटवून ठेवू नका, एकदा गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं. इन्सुलिन किंवा साखर फार खाली आणू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर चालवायला बसण्याआधी साखर तपासा. ९० च्या खाली असेल तर आधी खा, थांबा, पुन्हा बघा.

गाडीबद्दल तुमचे पती सगळं जाणत असतील, तरी टायरचं एवढं सांगते. आमच्या टायरची नक्षी उत्तम होती, गाडी फार वापरात नव्हती ना. मेकॅनिकने बाजूच्या रबरावर बोट ठेवून दाखवलं, केसासारख्या बारीक भेगा. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. आमचा टायर नऊ वर्षांचा निघाला. आपल्या वयाच्या लोकांच्या गाड्या कमी फिरतात, म्हणून टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. पाचही बघून घ्या, जादाचा धरून. हवा सकाळी निघण्याआधी, टायर थंड असताना मोजायची. आणि सीट अशी लावा की छाती स्टिअरिंगपासून निदान २५ सेंटिमीटर लांब राहील, एअरबॅग उघडली तर तेवढी जागा लागते.

मुक्काम आगाऊ ठरवून पैसे अडकवू नका. त्या पाचव्या संध्याकाळी आम्हाला पुढे ढकललं ते भरलेल्या पैशांनीच. त्यानंतर रद्द करता येईल असाच मुक्काम आम्ही आदल्या दिवशी ठरवायचो. जिना चढावा लागणार नाही ना, हे मात्र दर वेळी फोन करून विचारायचं.

मुलांचं म्हणाल तर त्यांच्यावर रागावू नका, त्यांची भीती खरी आहे. माझी मुलगी फोनवर रडली होती. तिला वाद घालून काही पटलं नाही. पाचव्या दिवसाची गोष्ट मी तिच्यापासून लपवली नाही आणि चारचा नियमही सांगितला. त्यानंतर रोज चार वाजता मी तिला पर्समधल्या किल्लीचा फोटो पाठवायचे. एकदा सव्वाचारपर्यंत गेला नाही तर तिचा फोन आला, "आई, किल्ली कुठंय?" आवाजात काळजी होती, पण पूर्वीचा घाबरेपणा नव्हता. परत फिरायचं कधी, हेही आधी ठरवून त्यांना सांगा. आमचं ठरलं होतं की दोघांपैकी एकाने "बस" म्हटलं की दुसऱ्याने कारण विचारायचं नाही. २३ व्या दिवशी माझा गुडघा सुजला आणि मी म्हटलं, "तीन दिवस नाही." हे लगेच म्हणाले, "बरं." परत फिरावं लागलं नाही, पण फिरलो असतो.

हे सगळं करून मिळतं काय, असं तुमची मुलं विचारतील. मला काय मिळालं ते सांगते. गाडीत दोघं शेजारी बसतात आणि दोघांचीही नजर समोर असते, त्यामुळे घरी समोरासमोर बसून जे बोलवत नाही ते बोललं जातं. एका दुपारी सरळसोट, सपाट मुलुखातून जात होतो. ढगाची सावली रस्ता ओलांडून शेतांवरून सरकत गेली. मी चालवत होते. यांनी सावलीकडे बघत आपल्या वडिलांच्या शेवटच्या रात्रीबद्दल बोलायला सुरुवात केली. लग्नाला ४४ वर्षं झाली होती, त्यातलं एक वाक्यही मी ऐकलेलं नव्हतं. मी फक्त वेग कमी केला. त्या दिवशी आमचे १६० किलोमीटरच झाले.

आता एक करा. या महिन्यात दोन रात्रींचा छोटा प्रवास करून या, पूर्ण सामान आणि सगळी औषधं घेऊन, चारचा नियम पाळून. कंबर कुठे धरते, कोणती बॅग उगीच घेतली, दोघांपैकी कोण कधी चिडतं, हे त्यातच कळेल. आल्यावर दोघांनी रोज खरोखर किती किलोमीटर मजेत चालवले ते इथे लिहा. तो आकडा धरून मोठ्या प्रवासाचे टप्पे पाडायला मी मदत करीन.