काडेपेटीतले शिंपले

प्रश्न : मॅडम, माझा भाचा मालवाहू जहाजावर आहे. दक्षिण अमेरिकेजवळच्या फॉकलंड बेटांवरून त्याने काडेपेटीभर शिंपले आणलेत. मोठ्यात मोठा तुरीच्या दाण्याएवढा. शेजारचे सर म्हणतात, ‘ही मोठ्या शिंपल्यांची पिल्लं, यांची जात काय लागणार?’ खरंच ओळखता येत नाही का?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : ताई, टाकू नका आणि इतक्यात धुऊही नका. जे अजून मिटलेले असतील ते पांढऱ्या कागदावर सुईने अलगद उघडा. आतून रव्याच्या कणांसारखे शिंपले पडले, तर तुमच्या हातात पिल्लू नाही, आई आहे. काही पडलं नाही म्हणून मात्र ते पिल्लूच, असंही ठरत नाही.

दक्षिणेच्या थंड समुद्रातले फिलोब्रिया, लिसार्का, गैमार्डिया हे शिंपले पिल्लांना स्वतःच्या कवचाआड सांभाळतात आणि कवच धरल्यावरच बाहेर सोडतात. फिलोब्रिया पुरता वाढला तरी बहुधा सेंटिमीटरच्या आतच राहतो. प्रीतिसंगमावरच्या मोठाल्या शिंपल्यांचं माप त्याला लावू नये. सरांची गफलत तिथे झाली असावी.

आता दहापट भिंग घ्या आणि शिंपल्याचा शेंडा, म्हणजे बिजागरीजवळचं टोक बघा. जन्माच्या वेळचं कवच तिथे बहुधा शाबूत असतं. फिलोब्रियात तर ते टोपी घातल्यासारखं वेगळं उठून दिसतं. आईच्या आत वाढणाऱ्या पिल्लाचं हे बाळकवच मोठं असतं, कारण अंड्यातच भरपूर शिदोरी असते. पाण्यात तरंगत, खात वाढणाऱ्याचं सुरुवातीचं कवच फार लहान असतं. एवढ्याशा शेंड्यावर त्या जिवाचं बाळपण वाचता येतं. इतकी वर्षं शिकवूनही मला याचं नवल वाटतं.

मग आतली बिजागरी. लिसार्कात मधल्या बंधाच्या दोन्ही बाजूंना बारीक दातांची रांग दिसेल. रंगावर भिस्त ठेवू नका, उन्हात तो उडतो.

आणि भाच्याला आजच विचारा : कुठला किनारा, कोणती तारीख, शिंपले खडकाला होते की शेवाळाला? गैमार्डिया समुद्रातल्या लांबलचक केल्प शेवाळाला धाग्यांनी चिकटतो आणि ते तुटलं की त्याच्यासोबत वाहत दूर जातो. लिसार्काची एक जात समुद्री साळूच्या (सी अर्चिनच्या) काट्यांवर राहते. ईक्वियोल्डिया नावाचा आणखी एक शिंपला आहे. अंटार्क्टिकाचा आणि दक्षिण अमेरिकेचा ईक्वियोल्डिया कितीतरी वर्षं एकच समजला जाई. जनुकं तपासल्यावर ते वेगळे निघाले. डोळ्यांना दिसत नाही ते कधी ठिकाण सांगतं.

मी सांगलीची. एकदा मुलांना हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर नेलं होतं. दोन्ही काठांचे शिंपले मी एकाच पिशवीत भरू दिले. कुठला कुठल्या नदीचा, ते कुणालाच सांगता येईना. मुलांची सबंध दिवसाची मेहनत वाया गेली, ती मला अजून लागते.

भाच्याचं उत्तर आलं की चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई पसरते. आणि ती पेटीच्या आत, शिंपल्यांसोबत ठेवा. वर चिकटवू नका, वरचं कव्हर बदललं जातं.