लिस्बनमध्ये दोनच दिवस आहेत, त्यातला अर्धा दिवस फ्रोंतैरा पॅलेसला द्यावा का?

जरूर द्या. बाग सुंदर आहेच, पण मराठी माणसासाठी तिथे आणखी एक गोष्ट आहे, ती आधी सांगतो.

हे घर सांभाळणाऱ्या संस्थेच्या नावात 'फ्रोंतैरा'च्या जोडीला 'आलोर्ना' आहे. आलोर्ना म्हणजे आपलं हळर्ण, गोव्यातल्या पेडणे तालुक्यातलं, शापोरा नदीकाठचं. तिथला किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने तो घेतला आणि त्याबद्दल राजाने त्याला 'आलोर्नाचा मार्किस' हा सरदारी किताब दिला. पुढे सोयरिकीतून तो किताब फ्रोंतैरा घराण्यात आला. माझं आजोळ पेडण्याचं, मे महिन्यात आम्ही मुलं त्या किल्ल्यावर जायचो. ते नाव लिस्बनमध्ये गाइडच्या तोंडून ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला.

फ्रोंतैरा घराण्याचं मूळ आडनावही गोव्यामुळे आपल्या ओळखीचं, मस्कारेन्हस. फ्रोंतैराच्या पहिल्या मार्किसने सतराव्या शतकात शिकारीसाठी हे घर बांधलं. १७५५ च्या भूकंपात शहरातला वाडा पडला, तेव्हा मंडळी इथेच राहायला आली.

आत गाइडबरोबरच जाता येतं आणि फोटो काढू देत नाहीत. लढायांच्या दालनात मात्र रेंगाळा. स्पेनपासून सुटण्यासाठी १६४० ते १६६८ चाललेल्या युद्धातले प्रसंग निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर रंगवलेत. भाल्यांचं रान, कोसळणारे घोडे, आणि मधेमधे कोण कुठला हे अक्षरांत लिहिलेलं. मी गुडघ्यांवर बसून ती अक्षरं लावत होतो.

बागेत आधी कातरून चौकटी पाडलेली हिरवी कुंपणं लागतात. त्यापलीकडे लांबरुंद हौद, मागच्या भिंतीवर टाइल्समधले घोडेस्वार. वारा पडला की ते पाण्यात उतरतात. दोन्ही बाजूंच्या जिन्यांनी वर गेलं की पोर्तुगालच्या राजांचे अर्धपुतळे. मला सगळ्यात आवडली ती थंडाव्याची छोटी गुहा. आतून शिंपले, काचा आणि चिनीमातीच्या फुटक्या बशा जडवल्यात. जवळ गेलात तर एखाद्या तुकड्यावर अर्धंच फूल दिसतं. राजपुत्राला जेवण दिलं त्या बशांत पुन्हा कुणी जेवू नये म्हणून त्या फोडल्या, असं सांगतात.

मेट्रोच्या निळ्या लाइनने जार्दिम झूलॉजिकोला उतरा, पुढे चालत किंवा टॅक्सीने. वेळा बदलतात, आदल्या दिवशी बघून घ्या.

आणि मोबाइलमध्ये हळर्णच्या किल्ल्याचा फोटो ठेवा. मी गाइडला दाखवला. आलोर्ना हे नाव ती रोज घ्यायची, पण गाव कधी पाहिलं नव्हतं. फोटो मोठा करून ती चिऱ्यांची तटबंदी बघत राहिली, आणि मग मागे राहिलेल्या आमच्या गटालाही तिने तो बोलावून दाखवला.