पिकअपवर कर्ज होतं, मालकाने सांगितलंच नाही

प्रश्न: ओळखीतून सेकंडहँड पिकअप घेतली, 3 लाख 40 हजाराला, त्यातले अडीच लाख फोनपेवर दिले बाकी रोख. आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव दिसत होतं पण मालक म्हणाला कर्ज कधीच फिटलंय, एनओसी आठवड्याभरात येतेय, मग नावावर करू. नोटरी करून घेतली. आता कंपनीची माणसं गाडी ओढून घेऊन गेली, हप्ते थकलेत म्हणे. पोलीस म्हणतात सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. राहिलेले पैसे मीच भरून गाडी सोडवू का?
— एक वाचक, बारामती

उत्तर: पोलिसांचं हे नेहमीचंच उत्तर आहे, आणि तुमच्या बाबतीत ते अर्धवट आहे. नुसती कर्जाची गाडी विकली म्हणून लगेच चारसोबीस होत नाही. मालकाने "हप्ते चालू आहेत, पुढचे तुम्ही भरा" असं सांगून गाडी दिली असती तर तुमची फसवणूक झाली असं म्हणताच आलं नसतं, मग भांडण त्याचं आणि कंपनीचं. इथे तो कर्ज फिटलंय म्हणून खोटं बोलला आणि त्या खोट्यावर तुम्ही पैसे मोजलेत, म्हणजे सौद्याच्या वेळीच मनात लबाडी होती, आणि केस उभी राहते ती यावरच. भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4), सात वर्षांपर्यंत शिक्षा. सौदा 1 जुलै 2024 च्या आधीचा असेल तर जुनं आयपीसी 420 लागेल.

आता नोटरीचा कागद काढून नीट वाचा. त्यात बहुतेक वेळा एक ओळ छापलेलीच असते, "सदर वाहनावर कोणताही बोजा अथवा कर्ज नाही", आणि खाली मालकाची सही. कुणी वाचत नाही ती ओळ, पण तुमच्यासाठी सोनं आहे. त्याला फोनपेची एंट्री, व्हॉट्सअॅपवरचं "एनओसी येतेय" आणि कंपनीकडून लोन स्टेटमेंट मिळालं तर तेही जोडा, सौद्याच्या तारखेला किती बाकी होती ते त्यात दिसतं. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. तरी घेतली नाही तर एसपींना पोस्टाने पाठवा, तिथेही हललं नाही तर वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. त्याने एनओसीची झेरॉक्स दाखवली असेल आणि ती बनावट निघाली तर खोट्या कागदाचा गुन्हा वेगळा लागतो.

गाडीचं मात्र कडू सांगतो. आरसीवर एचपी, म्हणजे फायनान्स कंपनीच्या कर्जाची नोंद, असेपर्यंत फायनान्सरच्या लेखी संमतीशिवाय आरटीओ गाडी दुसऱ्याच्या नावावर करत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम 51 आहे ते. नोटरीने हे बदलत नाही, मग ती पाचशेच्या स्टॅम्पवर असो नाहीतर हजाराच्या. त्यामुळे कंपनीपुढे तुमचं पारडं हलकंच आहे.

पैसे भरायचे की नाही? आधी कंपनीला आजच मेल टाका की गाडी मी घेतली आहे, लिलाव करण्याआधी कळवा आणि संपूर्ण बाकीचा आकडा लेखी द्या. आकडा परवडणारा असला तरी एकदम भरू नका, कारण एचपी कॅन्सलच्या फॉर्म 35 वर आणि ट्रान्सफरच्या 29, 30 वर मालकाची सही लागते. तो गायब असेल तर कर्ज फेडाल तुम्ही आणि गाडी राहील त्याच्याच नावावर. त्याला कंपनीच्या ब्रँचमध्ये समोर बसवून सह्या करून घेता आल्या तरच पैसे काढा, नाहीतर तेच पैसे वकिलाला द्या.