जुना लॅपटॉप घेऊ का? घे, पण आधी एवढं बघ

अरे घे की, अभ्यास, ब्राउझिंग, थोडं कोडिंग एवढंच असेल तर नव्यावर पैसे घालायची गरजच नाही. फक्त "आय फाइव्ह (इंटेलचा प्रोसेसर) आहे दादा" एवढं ऐकून पैसे काढू नकोस, नवीन लोकं हमखास इथेच फसतात. आय फाइव्ह २०१० सालचापण असतो! पुढचा नंबर बघायचा, ३३२० म्हणजे तिसरी पिढी, ८२५० म्हणजे आठवी. आठवीच्या खाली शक्यतो जाऊच नकोस, कारण विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठवीपासूनच चालतं. शिवाय सातवीपर्यंत पातळ लॅपटॉपच्या आय फाइव्हला दोनच कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) असायचे, आठवीत चार आले, फरक चांगलाच जाणवतो.

फारच स्वस्तात जुनं मिळालं तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) टाक, मस्त चालतं.

दुकानात, मग मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो नाहीतर गावातलं, एवढं कर:
- चार्जर काढून पंधरा मिनिटं चालव, बॅटरी कळते
- बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी लॅपटॉपची मूळ सेटिंग) जाऊन बघ, पासवर्ड मागितला तर सरळ उठ (मी नव्हतो उठलो, तो डबा अजून माळ्यावर आहे)
- सगळी बटणं, सगळे यूएसबी, वायफाय

आणि हार्ड डिस्कवाला असेल तर एसएसडीचा (हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्क) खर्च आधीच किमतीत धर, रॅम ८ जीबी तरी हवीच. ग्राफिक्स कार्ड वगैरेच्या भानगडीत आत्ता पडू नकोस. मॉडेल नंबर टाक इथे, बघून सांगतो.