बंद डब्यातलं सामान देऊन मुलांना स्वयंपाक शिकवता येतो का?

नक्की येतो. कृती द्यायची नाही, डबा उघडून त्यातल्या सामानाचं काय करायचं ते मुलांनीच ठरवायचं. फक्त डब्यात मोजकंच सामान ठेवा. चार-पाच जिन्नस पुरे. तेल, मीठ, हळद, मोहरी, हिंग ओट्यावर असू द्या.

आमच्या इंदूरला पावसाळ्यात मी डब्यात कोवळी कणसं, वाटीभर दूध, हिरवी मिरची आणि लिंबू ठेवते. कुणी कणीस उकडतं, कुणी दाणे वाटून थालीपिठात घालतं. एखादी मात्र कणीस किसते, हिंग-मोहरीच्या फोडणीवर परतते, दूध घालून मंद आचेवर ठेवते आणि खाली लागू नये म्हणून ढवळत राहते. झाला भुट्ट्याचा कीस! कृती लिहून दिली असती तर ती मापं बघत बसली असती. इथे आधी वास घेतला, दाणा चावून बघितला, मग ठरवलं. हे मला फार मोलाचं वाटतं.

शाळेत गॅस नकोच. भेळ, कोशिंबीर, दडपे पोहे (वरून जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा आमचा इंदुरी मसाला, आणि शेव हवीच) लहान वर्गांनाही जमतात. किसणी-सुरीजवळ मोठं माणूस हवं. शेंगदाणे किंवा दूध कुणाला चालत नाही, ते पालकांना आधीच विचारा. आणि मीठ जास्त पडलं तर लगेच सावरायला धावू नका. काय घालायचं ते मुलांनाच सुचू द्या.