बाहेर कुठे गेलो नाही, तरी तिथे जखम कशी?

"मॅडम, देवाशपथ सांगतो, बाहेर कुठे गेलो नाही. मग तिथे जखम होतेच कशी?"

सरकारी रुग्णालयाच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, समुपदेशक म्हणून बसणाऱ्या कुणालाही हा प्रश्न नवा नाही. माणूस दार लोटून घेतो, खुर्चीच्या टोकावर बसतो आणि आधी ॲसिडिटीबद्दल, झोपेबद्दल बोलतो. समोर बाई आहे म्हटल्यावर तर तोंडातून शब्दच फुटत नाही. पुरुषाच्या त्या जागेवर काहीही उठलं की ते 'बाहेरूनच' आलं, असं त्याच्यासकट सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं. वास्तविक तिथेही कातडीच आहे. अंगावर इतरत्र जे होतं, त्यातलं बरंच काही तिथेही होतं.

संतोषची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय ३६, बियाण्यांच्या कंपनीचा फिरता प्रतिनिधी. हंगामात मराठवाडा, विदर्भ, खानदेश असा दौरा चालायचा. सोबत बायको आणि मेव्हणा. मेव्हण्याला निकाल स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता. त्याला मी बाहेर बसवलं. एचआयव्हीची तपासणी संमतीशिवाय होत नाही आणि निकाल ज्याचा त्यालाच सांगायचा असतो. २०१७ च्या कायद्याने ते बंधन आमच्यावर घातलं आहे, आणि कायदा नसता तरी मी त्याला बाहेरच बसवलं असतं.

दोघांशी आधी वेगवेगळं बोलले. संतोषचं म्हणणं असं, की शिश्नाच्या पुढच्या भागावर लाल गोल चट्टा उठतो, आग होते, कधी फोड येऊन कातडी सोलवटते. आठ-दहा दिवसांत भरतं आणि काळपट डाग राहतो. पुन्हा उठतं ते नेमकं त्याच डागावर. त्याने आधी ती उष्णता धरली. सब्जा झाला, गुलकंद झाला. मग एसटी स्टँडजवळच्या भिंतीवरची 'गुप्तरोग' अशी जाहिरात वाचून एकाकडे गेला. त्याने तपासलंही नाही, पैसे घेतले आणि इंजेक्शनं टोचली. मेडिकलवाल्याने दिलेलं, गजकर्णावर लावतात ते स्टेरॉईड मिसळलेलं मलम वेगळंच. या नाजूक कातडीवर ते मनाने लावत राहिलं तर कातडी पातळ होते, हे त्याला कोण सांगणार?

बायकोचं बोलणं थोडक्यात आणि सरळ होतं. "ताई, घरी असतात तेव्हा काही नाही. दौऱ्यावरून आले की दोन दिवस पाठ फिरवून झोपतात, बाथरूमची कडी लावतात. मी काय समजायचं?"

तिचा संशय मला चुकीचा वाटला नाही. दिसत होतं त्यावरून तिने सरळ हिशोब मांडला होता. दौरा आणि जखम यांचा संबंध होताच, फक्त मधला दुवा तिला दिसत नव्हता.

मी संतोषला विचारलं, दौऱ्यावर खाणं कसं असतं, पोट बिघडतं का, मग काय घेता? त्याने शर्टाच्या खिशातून गोळ्यांची अर्धी पट्टी काढून टेबलावर ठेवली. ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेली, जुलाबावर मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय सर्रास मिळणारी गोळी. जुलाब लागो न लागो, पोटात गुडगुडलं की एक. पुढचं काम त्याच्या फोनने केलं. औषधांच्या दुकानांना यूपीआयने केलेले पैसे तारखेसकट होते: परभणी, वाशीम, चाळीसगाव. बायकोने घरातल्या कालनिर्णयावर, दुधाच्या हिशोबाशेजारी, त्याच्या येण्या-जाण्याच्या तारखा लिहिल्या होत्या. त्या पानांचे फोटो तिच्या फोनमध्ये होते, बहुधा भावाला दाखवायला काढलेले. दोन्ही फोन शेजारी ठेवले. गोळी घेतली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चट्टा. मधल्या एका दौऱ्यात डबा बरोबर होता, पोट ठीक राहिलं, आणि त्या खेपेला जखमही नव्हती.

निदान करणं माझं काम नाही. त्वचारोग ओपीडीची चिठ्ठी दिली, पट्टी बरोबर न्यायला सांगितली. डॉक्टरांनी तपासलं आणि मग त्याच्या खालच्या ओठावरच्या काळ्या डागाकडे बोट दाखवलं. संतोषच्या मते तो चहाने भाजल्याचा होता. "तोही त्याच वेळी लाल होतो," हे बायकोनेच सांगितलं.

याला 'फिक्स्ड ड्रग इरप्शन' म्हणतात. एखाद्या औषधाची ॲलर्जी अंगभर न उठता ठरावीक जागीच उठते. पहिल्या वेळी जिथे चट्टा येतो, तिथल्या कातडीत प्रतिकारशक्तीच्या काही पेशी पहारेकऱ्यासारख्या ठाण मांडून राहतात. तेच औषध पुन्हा पोटात गेलं की काही तासांत, फार तर दिवसा-दोन दिवसांत, तीच जागा पेटते. ओठ, हात आणि शिश्नाचं टोक या त्याच्या आवडत्या जागा. सल्फाची औषधं, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल-टिनिडाझोल-ऑर्निडाझोल हे कुटुंब, अंगदुखीच्या कित्येक गोळ्या, क्वचित साधी पॅरासिटामॉलसुद्धा याला कारण ठरते. हर्पिस हा लैंगिक संबंधातून पसरणारा विषाणूचा आजारही परत परत येतो, म्हणून घोळ होतो. पण त्यात सहसा बारीक पाणीदार फोडांचा पुंजका असतो आणि भरल्यावर असा काळा डाग मागे राहत नाही.

तरीही एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (सिफिलिस म्हणजे गरमीसाठीची) या दोन्ही तपासण्या केल्या. दोन्ही निगेटिव्ह आल्या. दुसऱ्या शक्यता डोळ्यांआड करून दिलासा द्यायचा नसतो.

गोळीतल्या दोन औषधांपैकी गुन्हेगार कोण, हे पुन्हा गोळी देऊन बघण्यात धोका असतो. दर वेळी चट्टे वाढू शकतात, आणि अंगभर फोड येऊन तोंड सोलवटलं तर माणूस थेट रुग्णालयात भरती होतो. म्हणून डॉक्टरांनी दोन्ही औषधं आणि त्यांची भावंडं बंद केली, नावं कार्डावर लिहून दिली आणि जुलाबासाठी ओआरएस सांगितलं.

याच खुर्चीत लग्न ठरलेली मुलंही येतात. शिश्नाच्या टोकाच्या कडेने मोत्यासारखे बारीक दाणे, एक-दोन ओळींत ओवल्यासारखे. तो आजारच नव्हे, शरीराची ठेवण आहे. त्यावर ॲसिड, चुना असलं काही लावू नका एवढंच कळवळून सांगते, कारण भाजून आलेली मुलं पाहिली आहेत. पन्नाशीच्या माणसाला खाज, दह्यासारखा थर आणि पुढच्या कातडीला चिरा असतील, तर मी आधी साखर तपासायला पाठवते. अनेकांना मधुमेह आहे हे तिथेच पहिल्यांदा कळतं. आणि कातडी पांढरी, कडक होऊन मागे सरकेनाशी झाली, तर तेही संसर्गाने आलेलं नसतं, पण अंगावर काढू नये. त्याला नियमित उपचार लागतात, कारण क्वचित पुढे त्यातून कर्करोग होतो.

निदान झाल्यावर संतोषची छाती फुगली होती. "आता सांगा हिला, मी निर्दोष आहे." मी म्हटलं, दादा, जखम कशाची हे डॉक्टरांनी सांगितलं. वागणुकीचा दाखला इथे मिळत नाही. तुम्ही पहिल्याच वेळी, ओली जखम असताना, यांना दाखवली असती आणि दोघं मिळून त्वचारोग तज्ज्ञाकडे गेला असता, तर मेव्हणा आज बाहेर बाकावर बसला नसता. तिला दुःख जखमेचं कमी आणि फिरवलेल्या पाठीचं जास्त आहे. तो गप्प झाला. ती मात्र इतका वेळ कोरड्या डोळ्यांनी बसली होती, ती तेव्हा रडली.

पुढच्या भेटीला दोघंच आले. औषधांची नावं तिने घरातल्या कपाटाच्या दारावर चिकटवली होती आणि गावातल्या मेडिकलवाल्यालाही दाखवून आली होती. डाग कधी जाईल, हा त्याचा प्रश्न होता. महिने लागतात, काही वेळा पुरता जातही नाही, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. दुसरी तक्रार अशी, की दौऱ्यावरून आलं की ती अजून विचारते.

"विचारू दे," मी म्हटलं. "आणि तुम्ही नीट उत्तर द्या."